आवाज डावीकडचा आहे

आबा, गेला महिनाभर आमच्या गाडीच्या मागच्या बाजूने आवाज येत होता. तुम्ही असतात तर पहिल्याच फेरीत सांगितलं असतंत, असं आपल्या घरात सगळे म्हणतात, म्हणून मी ते लिहिणार नाही. मला दुसरंच लिहायचं आहे. तुम्हाला जाऊन चौदा वर्षं झाली आणि इतकी वर्षं मी तुमच्यावर रागावलेली आहे, अशी माझी समजूत होती. तो राग नव्हता, हे आता, चव्वेचाळिसाव्या वर्षी, कळतंय. मला तुमच्या जावयाचा हेवा वाटतो. म्हणजे माझ्या नवऱ्याचा. लग्न झाल्यापासून, एकोणीस वर्षं वाटतो आहे.

आधी आवाजाचं सांगते, कारण तुम्हाला तेच आधी ऐकायचं असणार. गाडी अकरा वर्षांची आहे. उलव्यात आमच्या भागातले रस्ते डंपरने खाल्लेले, त्यामुळे मागची बाजू खिळखिळी होणारच. सोसायटीच्या गेटासमोर स्पीडब्रेकर आहे. पुढची चाकं सुखरूप जातात, मागची चढतातही गुपचूप, आणि उतरली की खालून एकदाच, जड कुलूप लाकडी दारावर आपटावं तसं, ‘ठक्’ होतं. पहिल्यांदा झालं तेव्हा तुमचे जावई गाडी चालवत होते. त्यांनी हनुवटी वर केली, एक डोळा बारीक केला आणि बोटाच्या पेराने स्टिअरिंगवर दोनदा वाजवलं. हे सगळं तुमचं आहे, आबा. हनुवटी तुमची, डोळा तुमचा, पेरही तुमचंच. मग म्हणाले, “उजवा शॉकअप गेलाय. टेन्शन नको घेऊ, आबांनी शिकवलंय मला.” मी खिडकीबाहेर बघत राहिले. बंदराजवळच्या कंटेनर यार्डात वीस वर्षं नोकरी करणारा माणूस माझ्या बापाचं कसब माझ्यासमोर स्वतःचं म्हणून सांगतो, आणि मी, तुमच्या शेडमध्ये वाढलेली, शेजारच्या सीटवर भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसलेली असते.

तुमची उरण रस्त्यावरची शेड मला अजून वासासकट आठवते. सिमेंटचे पत्रे, खाली तेल पिऊन काळी झालेली माती, मागे मिठागराचं पांढरं पाणी. त्या शेडमध्ये माझं काम एकच होतं, वजन होणं. मागच्या चाकांचे रबरी बुश बदलले की त्यांचे बोल्ट तुम्ही गाडी जॅकवर असताना कधी शेवटपर्यंत आवळले नाहीत. चाकं हवेत लटकत असताना आवळलं, तर गाडी खाली उतरताच आतलं रबर पिळतं आणि दोन महिन्यांत फाटतं, असं तुम्ही गिऱ्हाइकांना सांगायचात. म्हणून गाडी उतरवायची, मागच्या सीटवर नेहमीइतकं वजन ठेवायचं आणि मग खाली शिरून शेवटचा आवळा द्यायचा. ते वजन म्हणजे आई, मी आणि तांदळाचं एक पोतं. तुम्ही हाक मारली की आई पदराला हात पुसत यायची, मी वही घेऊन यायची आणि आम्ही कुणाच्यातरी काळ्यापिवळ्या टॅक्सीत, कुठेही न जाता, बसून राहायचो. आई तेवढ्यात शेंगा सोलायची. मी जरा वाकून बघायला गेले की खालून तुमचा आवाज यायचा, “हालू नको गो. पोतं हाय तू सध्या. पोतं हालत नाय नि बोलत नाय.” आई हसायची. मीही हसायची. नऊ वर्षांची होते, पोतं होण्यातही मजा होती.

पण आबा, मी नुसती बसत नव्हते. पाना सुटला की तळव्यांना कळायचं. बोल्ट पूर्ण बसला की सीटखालून एक बारीक थरथर वर यायची आणि थांबायची. कुठला बुश डावा, कुठला उजवा, कुठला नुसता सैल आणि कुठला फाटलेला, हे मी पायांनी शिकले. हे तुम्हाला ठाऊक होतं का, मला माहीत नाही. पंधराव्या वर्षी एकदा तुम्ही जेवायला गेलेले असताना मी एका जीपखाली शिरले होते. काही करणार नव्हते, फक्त मी वरून ऐकलेलं खाली कसं दिसतं ते बघायचं होतं. तुम्ही आलात आणि माझा पाय धरून मला बाहेर ओढलंत. मारलं नाहीत. शाळेच्या गणवेशावर पडलेला तेलाचा डाग बघितलात आणि म्हणालात, “यो धंदा तुझा नाय. तुझी परीक्षा हाय ना? जा.” मी गेले. बारावी झाले, बीए झाले, ग्रंथालयशास्त्र शिकले, पनवेलच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात लागले. तुम्ही पेढे वाटलेत. मला वाटलं, बरोबर आहे, आपली मुलगी तेलात जाऊ नये असं कुठल्याही बापाला वाटणार. तो धंदा तुम्ही कुणालाच देणार नाही अशी माझी समजूत होती, त्यामुळे मला त्याचं काही वाटलं नाही.

आणि मग जावई आले. पेणकडचे, बीकॉम, पाना कुठल्या बाजूने धरायचा तेही ठाऊक नसलेले. पहिल्या दिवाळसणाला तुम्ही त्यांना रीतीप्रमाणे अंगठी दिलीत, मला साडी. फराळ झाल्यावर त्यांना शेडमध्ये घेऊन गेलात आणि परत आलात तेव्हा त्यांच्या हातात तुमचा लांब पेचकस होता, लाकडी मुठीचा, ज्याचं टोक इंजिनाला टेकवून मूठ तुम्ही कानाला लावायचात. मूठ तुमच्या कानाने गुळगुळीत झालेली होती. मला त्याला हात लावायची परवानगी नव्हती. ते मला दाखवत म्हणाले, “बघ, आबांनी काय दिलं,” आणि मी अनारशाच्या डब्याचं झाकण लावत राहिले. त्या वर्षापासून प्रत्येक रविवारी तुमचा निरोप यायचा, जावयांना पाठव. मग दुरुस्तीला आलेली गाडी घेऊन दोघं जायचात, ते चालवायचे, तुम्ही मागे, सीट काढून, पत्र्यावर मांडी घालून, चाकावरच्या फुगवट्यावर तळवा ठेवून. मी आईबरोबर स्वयंपाकघरात. तास-दीड तासाने दोघं धुळीने भरून, हसत, भूक लागली म्हणत परत यायचात. माझ्या स्वतःच्या माहेरी मला पाहुणी असल्यासारखं वाटायचं आणि ते घरचे.

एका रविवारचं तर मी रोजनिशीत लिहूनच ठेवलं आहे. तुम्ही ओटीवर चपला घालत होतात. मी खिमट ढवळत होते, मुलगी सहा महिन्यांची होती. मी आतून म्हटलं, “आबा, आज मी येऊ का गाडीत?” बऱ्याच दिवसांनी धीर करून म्हटलं होतं. तुम्ही उत्तर दिलं नाहीत. दुसरी चप्पल घातलीत आणि बाहेर पडलात. आई म्हणाली, “जाऊ दे, घाईत आहेत.” मी पुन्हा विचारलं नाही. लग्नानंतर तुम्ही माझ्याशी बोलणंच कमी केलंत, हेही त्याच पानावर लिहिलं आहे. मी आतून काही सांगितलं की हूं नाही की चूं नाही. जावई मात्र तोंडासमोर उभे राहून बोलायचे आणि तुम्ही त्यांना भरभरून उत्तरं द्यायचात.

आता पुन्हा या महिन्याकडे येते. उजवा शॉकअप बदलला. आवाज तसाच. मग एकच कशाला म्हणून डावाही बदलला. आवाज तसाच. आमच्या सेक्टरातला मेकॅनिक म्हणाला, “साहेब, दोन्ही शॉकअप नवीन आहेत. आता गाडीच नवीन टाकू का खाली?” तुमचे जावई हसले नाहीत. गंभीर होऊन म्हणाले, “उजवीकडेच आहे काहीतरी. मी खात्रीने सांगतो.” तुमची एक शिकवण मला वजन म्हणून बसल्या बसल्या मिळाली होती. तुम्ही गिऱ्हाइकाला म्हणायचात, “आवाज कुटून येतो ते ऱ्हाऊ दे, कवा येतो ते सांग.” म्हणून मी पहिल्या दिवसापासून लिहीत होते. मंगळवार, गेट, उतरताना, एकदा. बुधवार, रिव्हर्स घेऊन ब्रेक दाबला तेव्हा, एकदा. शनिवार, मागे सासूबाई आणि तांदूळ, अजिबात नाही. शॉकअपचा आवाज खडबडीत रस्त्यावर सारखा येत राहतो, ब्रेकला असा एकदाच येत नाही. ब्रेकला आणि उतरताना एकेकदाच, आणि वजन टाकल्यावर गप्प, म्हणजे एक्सलचा बुश. आणि पार्किंगच्या भिंतीला लागून रिव्हर्स घेताना माझ्या पायाखाली जे यायचं ते डावीकडून यायचं. पहिल्याच आठवड्यात मला माहीत होतं, आबा. मी सांगितलं नाही. ते चुकत होते आणि मला बरं वाटत होतं. रोज संध्याकाळी ते चिडून घरी यायचे, “अजून वाजतोय,” म्हणायचे आणि मी चहा टाकायला उठायची, तेव्हा माझी पावलं जरा हलकी पडायची. हे लिहायला चांगलं वाटत नाही. पण लिहायचं ते खरं, एवढा एक नियम मी पाळत आले आहे.

गेल्याच्या गेल्या रविवारी सकाळी आम्ही विमानतळाच्या बाजूच्या सर्व्हिस रोडला गेलो. रस्ता मोकळा होता. ते वीसच्या वेगाने एका उंचवट्यावरून पुन्हा पुन्हा गाडी नेत होते. “उजवीकडे,” ते म्हणाले. पुन्हा वळून आले. “उजवीकडेच.” तुमची हनुवटी, तुमचा डोळा. माझ्या मनात इतका कडवटपणा साचला होता की मी डावीकडच्या खिडकीकडे तोंड करून, हळू पण स्पष्ट म्हटलं, “आबांनी तुम्हाला नेलं बरोबर. मला कधी नेलं नाही.” इतक्या वर्षांत पहिल्यांदा हे माझ्या तोंडातून बाहेर पडलं. ते म्हणाले, “एसी कमी करू का गं?”

मला आधी वाटलं, विषय टाळताहेत. गाडीत ते नेहमीच असं करतात. मी काही सांगावं आणि त्यांनी रस्त्याकडे बघत राहावं. त्यावरून आमची भांडणंही झाली आहेत. मी वळून त्यांच्याकडे बघितलं. चेहऱ्यावर टाळाटाळ नव्हती, काहीच नव्हतं. आणि एकदम एकेक गोष्ट जागेवर बसायला लागली. फोन उजव्या कानाला. रस्त्याने चालताना मला कायम उजवीकडे घेणं, मला वाटायचं काळजी. टीव्हीसमोर खुर्ची तिरकी लावून बसणं. आणि प्रत्येक आवाज उजवीकडून येणं. मी पुन्हा खिडकीकडे तोंड केलं आणि म्हटलं, “गाडी थांबवा.” गाडी चालतच राहिली. मग मी त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

गाडी थांबली. मी त्यांच्याकडे तोंड करून, मोठ्याने म्हटलं, “तुम्हाला डाव्या कानाने ऐकू येत नाही.”

त्यांनी चावी फिरवून इंजिन बंद केलं. “तुला कधी कळलं?”

“आत्ता.”

“मला दोन वर्षं झाली.”

“आणि सांगितलं नाहीत?”

“यार्डात कळलं तर बाहेरच्या कामावरून काढून ऑफिसात कागदांवर बसवतील. आणि तुला सांगितलं असतं तर तू मागे लागली असतीस डॉक्टर, डॉक्टर.” मग स्वतःशीच हसल्यासारखं करून म्हणाले, “आबांनी पण कुठे सांगितलं होतं कोणाला. त्यांचे तर दोन्ही गेले होते.”

मी विचारलं, काय दोन्ही. तेव्हा त्यांनी सांगितलं. आमचं लग्न झालं त्याच वर्षी तुमचे दोन्ही कान निम्म्याहून अधिक गेले होते. तोंडाकडे बघून बोलणं कळायचं, गाडीचं इंजिनही खरखरीसारखं ऐकू यायचं, पण बारीक आवाज गेले होते. पेचकस कानाला लावून उपयोग नव्हता, म्हणून दिवाळसणाला तो देऊन टाकलात. रविवारी जावयांना बोलवायचात ते शिकवायला नाही. “मला काय येत होतं गं,” ते म्हणाले. “आबा मागे हात लावून बसायचे. मला एवढंच सांगितलेलं, आवाज आला की हात वर करायचा. मी हात वर करायचो. पुढचं ते तळव्याने ओळखायचे. घरी येऊन सगळ्यांसमोर म्हणायचे, जावयाने बरोबर पकडला. मला लाज वाटायची, पण त्यांना बरं वाटायचं.”

“मला का नाही सांगितलं?”

“मी म्हटलं होतं त्यांना, हिला सांगा, ती रोज येईल तुमच्याबरोबर. तर म्हणाले, ‘पोरीला सांगू नका. ती वहीत लिवून ठेवील.’”

ते हसले आणि मला वाटतं मीही हसले, कारण ते अगदी तुमच्याच तोंडचं होतं. पण तिथे, त्या मोकळ्या रस्त्यावर बसल्या बसल्या मी स्वतःला तपासत होते. आता हेवा जायला हवा होता. तुम्ही त्यांना काही दिलंच नव्हतं, मग हेवा कशाचा? पण तो गेला नाही, आबा. उलट त्याला आता धरायला घट्ट काहीतरी मिळालं. देणं मी एकवेळ सोसलं असतं. बाप जावयाला अंगठी देतो, पेचकस देतो, माया देतो, मान देतो, रीतच आहे. तुम्ही त्यांच्याकडे मागितलंत. मला ऐकू येत नाही, तुम्ही हात वर करा, हे तुम्ही एका परक्या घरून आलेल्या बीकॉम माणसाला म्हणालात, ज्याला बुश आणि बोल्ट यातला फरक ठाऊक नव्हता. मला ठाऊक होता. मी मागच्या सीटवर बसून सगळं शिकले होते आणि भिंतीपलीकडे खिमट ढवळत होते. त्या रविवारी मी विचारलेलं तुम्हाला ऐकू आलं नाही की ऐकून तुम्ही बाहेर पडलात, हे आता कोण सांगणार? मी दोन्हींवर आलटून पालटून विश्वास ठेवते. सकाळी एक खरं वाटतं, कॉलेजातून परत येताना दुसरं.

मग मी त्यांना म्हटलं, आवाज डावीकडचा आहे, एक्सलचा बुश, वजन टाकलं की गप्प होतो. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की मला तीन आठवडे गप्प बसल्याची शरम वाटायला हवी होती. वाटली, पण थोडीच. दुसऱ्या दिवशी मेकॅनिककडे गेलो. बुश काढला तर डावा मधोमध फाटलेला. मेकॅनिक नवा बसवून गाडी जॅकवर असतानाच शेवटचा आवळा द्यायला निघाला तेव्हा मी म्हटलं, “आधी खाली उतरवा. मागे वजन ठेवा, मग आवळा.” तो म्हणाला, “मॅडम, हे कुठं शिकलात?” मी म्हटलं, “बसून बसून.” तुमचे जावई बाजूला उभे होते. मग जाऊन मुकाट्याने मागच्या सीटवर बसले.

कानाच्या डॉक्टरांकडे जायचं त्यांनी कबूल केलं आहे. आमच्या ग्रंथालयातल्या एकीने बेलापूरचे एक डॉक्टर सुचवले, गुरुवारची वेळही मिळत होती. मशीन लावलं तर बरंच ऐकू येईल असं त्या डॉक्टरांकडची मुलगी फोनवर म्हणाली. मी विचारून पुन्हा फोन करते, मग वेळ पक्की करू म्हटलं आणि फोन ठेवला.

काल रविवार. आम्ही पुन्हा त्या सर्व्हिस रोडला गेलो. ते चालवत होते, मी मागे बसले, चाकाच्या बाजूला, तळवा टेकवून. त्यांनी दोन्ही काचा खाली केल्या, उंचवट्यावरून गाडी तीनदा सावकाश उतरवली आणि मान पूर्ण वळवून, माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, “येतो का गं?” आबा, त्या प्रश्नात फुशारकी नव्हती, परीक्षा नव्हती. त्यांना ठाऊक नव्हतं आणि मला ठाऊक होतं, इतकंच. मी म्हटलं, “अगदी थोडा येतो.” ते म्हणाले, “मग पुढच्या रविवारी परत बघू दोघं. गुरुवारी गाडी टाकतो मेकॅनिककडे, डॉक्टरांचं त्यानंतर बघू, काय?” मी बरं म्हटलं. डॉक्टरांकडे अजून फोन केलेला नाही.

हे पत्र कुठे ठेवायचं ते ठरलेलं नाही, त्यांच्या हाती लागणार नाही अशा जागी ठेवीन. पण तुमच्यापासून लपवण्यात अर्थ नाही. मी तळवा टेकवून तिन्ही फेऱ्या पूर्ण लक्ष देऊन बसले होते. आवाज अजिबात येत नव्हता.